रिप केलेल्या गाण्यात मध्येच ‘टक्’ येतं? सीडी घासायला घेण्याआधी हे तपासा

सीडी रिप केली, म्हणजे तिच्यातली गाणी कॉम्प्युटरवर उतरवली, फाइल तयार झाली, सॉफ्टवेअरनं कसलीही तक्रार केली नाही, आणि ऐकताना मात्र तिसऱ्या मिनिटाला ‘टक्’. पुन्हा रिप केलं की कधी तो आवाज जातो, कधी दुसरीकडेच सरकतो, कधी काही केल्या हटत नाही. इथे बहुतेक जण थेट ओरखड्यांना दोष देतात आणि सीडी घासायला घेतात. ही घाई महागात पडते. आवाज सीडीतून आलेला असू शकतो, तसाच तो ड्राइव्हमधून, यूएसबीच्या वायरीमुळे, फाइलचं रूपांतर करताना किंवा नुसतं वाजवतानाही शिरलेला असू शकतो. तो नेमका कुठे शिरला हे कळेपर्यंत सीडीच्या पृष्ठभागावर कसलाही प्रयोग करू नका. बाकी सगळं परत परत करून बघता येतं, घासून गेलेलं प्लास्टिक परत येत नाही.

खालची जवळजवळ सगळी तपासणी फुकट सॉफ्टवेअरवर होते. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (पुढे नुसतं ईएसी; अव्यावसायिक वापरासाठी मोफत), क्यूरिपर आणि त्याचं भावंड क्यूटूल्स, शिवाय फूबार २०००. लिनक्सवर व्हिपर, मॅकवर एक्सएलडी. फ्रेॲक तिन्हीकडे चालतं आणि रिपिंगबरोबर रूपांतरही करतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. फाइलींची सीडी कॉपी करताना एक बाइट जरी चुकला तरी कॉम्प्युटर ओरडतो. ऑडिओ सीडीचं तसं नाही. दोन्हींचा सेक्टर, म्हणजे वाचायचा एक ठोकळा, २३५२ बाइटचाच, पण डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट तुमचे आणि उरलेल्यातले बरेचसे चुका पकडायला आणि दुरुस्त करायला राखून ठेवलेले असतात. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाचे. खालच्या थरात दुरुस्तीची सोय आहे, पण ती पुरी पडली नाही तर ड्राइव्ह आजूबाजूचे नमुने (आवाजाचे क्षणाक्षणाचे आकडे) बघून मधला नमुना अंदाजानं भरतो आणि पुढे जातो. गाणं ऐकणाऱ्यासाठी ही सोय उत्तम. रिप करणाऱ्याला मात्र चूक झाल्याचा पत्ताच लागत नाही. ‘रिप पूर्ण’ असा संदेश आला म्हणजे रिप बरोबर आली असं नाही, ते याच कारणानं.

लक्षणं

- टक् दर वेळी वेगळ्या जागी ऐकू येतं: दोष वाजवण्यातला आहे, फाइल बहुधा ठीक आहे.
- दर वेळी त्याच सेकंदाला येतं: दोष फाइलमध्ये बसलेला आहे.
- फक्त दोन ट्रॅकच्या सांध्यावर येतं, मधे कुठेच नाही: एमपी३ रूपांतराचा संशय.
- आवाज चढतो तिथेच फाटतो, हळू भागात स्वच्छ: क्लिपिंग, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेल्या लाटेचं टोक छाटलं जाणं. याचा ओरखड्यांशी संबंध नाही.
- सुरुवातीचे ट्रॅक छान, शेवटचे तीन-चार खराब: सीडीची बाहेरची कड. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचे ट्रॅक कडेला असतात. बोटांचे ठसे आणि घासणंही तिथेच जास्त, आणि ड्राइव्हही तिथे सर्वात वेगानं वाचत असतो.
- ठरावीक अंतरानं टक्-टक्, आणि तेही प्रत्येक सीडीवर: सीडीचा दोष नाही. ड्राइव्ह, वायर किंवा सेटिंग.
- गाण्याचा तुकडा दोनदा वाजतो किंवा इवलासा तुकडा गळतो: ड्राइव्हची जागा चुकतेय, वाचलेले भाग एकमेकांना नीट जोडले जात नाहीत.

१. तीच फाइल दुसऱ्या साधनावर वाजवा

याला दोन मिनिटं लागतात आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. आवाज कुठे येतो ती वेळ लिहून ठेवा, उदाहरणार्थ ३:१२. तोच भाग पुन्हा ऐका. मग तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये, जमल्यास दुसऱ्या उपकरणावर, आणि ब्लूटूथऐवजी वायरच्या हेडफोनवर ऐका. आवाज हलला किंवा नाहीसा झाला तर रिपला हात लावू नका. प्लेअरमधला बफर वाढवा, ब्लूटूथ बाजूला ठेवून बघा, साउंड ड्रायव्हर अद्ययावत करा. आवाज बरोब्बर ३:१२ लाच आला तरच पुढे चला.

२. एमपी३ नको, मूळ फाइल ऐका

रिप करताना थेट एमपी३ बनवत असाल तर ते थांबवा. आधी फ्लॅक किंवा वेव्ह (आवाज जसाच्या तसा ठेवणारे फाइलींचे प्रकार) बनवा आणि एमपी३ त्यातून काढा. थेट एमपी३ केलं की दोष वाचताना आला की रूपांतरात, हे कळायला काही मार्गच उरत नाही. ७४ मिनिटांच्या सीडीला वेव्हमध्ये सुमारे ७८० एमबी लागतात, फ्लॅक त्याहून बरंच कमी घेतं आणि एकही बिट न गमावता.

फ्लॅकमध्ये ३:१२ ला आवाज नाही पण एमपी३मध्ये आहे, असं निघालं तर दोष रूपांतरातला. त्याचे नेहमीचे प्रकार तीन.

पहिला, सांध्यावरचा. एमपी३ हे १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बनतं. गाणं ठोकळ्यांत नेमकं बसत नाही म्हणून शेवटी शांतता भरली जाते, आणि एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीलाही थोडी भर घालतो (लेम या एन्कोडरमध्ये ५७६ नमुने). सलग वाजणाऱ्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्यांच्या मधोमध जो खड्डा पडतो तो हाच. लेम या भरीची नोंद फाइलच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये करून ठेवतं, पण प्लेअरनं ती वाचायला हवी. काही टॅग-संपादक आणि एमपी३ कापणारी साधनं ही नोंद पुसून टाकतात. गॅपलेस वाजवणारा प्लेअर वापरा, नाहीतर अशा अल्बमसाठी फ्लॅक किंवा ओपस ठेवा.

दुसरा, आवाज फाटण्याचा. अलीकडच्या बऱ्याच सीडी इतक्या मोठ्या पातळीवर मास्टर केलेल्या असतात की नमुने कमाल मर्यादेला टेकलेलेच असतात. एमपी३ उलगडताना लाटेचं टोक थोडं वर जातं आणि छाटलं जातं. उपाय: प्लेअरमध्ये रिप्लेगेन (गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) चालू करा आणि क्लिपिंग टाळण्याचा पर्याय निवडा, किंवा रूपांतराआधी पातळी एक-दोन डेसिबलनं खाली आणा.

तिसरा प्रकार खरं तर टक् नव्हे, झांजांवर येणारी पाण्यासारखी सळसळ. एमपी३चं पुन्हा एमपी३ किंवा एएसी केलं की ती येते, किंवा बिटरेट फार कमी ठेवला की. लेमचा व्ही२ दर्जा सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास आणि व्ही० २४५ च्या आसपास जातो, तेवढं पुरे. रूपांतर नेहमी फ्लॅकमधूनच करा. १२८ च्या फाइलचं ३२० करून हाती काहीच लागत नाही, फाइल तेवढी जाड होते.

३. लॉग वाचा, आणि इतरांच्या रिपशी ताडून बघा

लॉग, म्हणजे रिप करताना सॉफ्टवेअरनं लिहून ठेवलेली नोंद, कुणी वाचत नाही, आणि निम्मी उत्तरं तिथेच पडलेली असतात. ईएसीमध्ये ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळच्या आवाजाचा चेकसम (त्या माहितीवरून काढलेला ओळखीचा आकडा) लॉगमध्ये छापला जातो. दोन आकडे वेगळे आले तर त्या ट्रॅकमध्ये नक्की गडबड आहे. ‘सस्पिशियस पोझिशन’ या शब्दांपुढे वेळ दिलेली असते. ती ३:१२ च्या आसपास असेल तर चोर सापडला. ‘ट्रॅक क्वालिटी’ ९९.८ टक्के दिसली म्हणून घाबरू नका. काही सेक्टर पुन्हा वाचावे लागले एवढाच त्याचा अर्थ. चेकसम जुळत असतील आणि संशयित जागा नसेल तर तो ट्रॅक सोडून द्या.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे ॲक्युरेटरिप. हा जगभरातल्या लोकांनी काढलेल्या रिपच्या चेकसमचा साठा आहे. तुमची रिप इतर २० जणांच्या रिपशी जुळली, तर २० वेगळ्या ड्राइव्हनी वेगळ्या सीडींवरून नेमकी तीच चूक केली असं होणार नाही. तुमची रिप बरोबर आहे. आणि तरीही टक् ऐकू येत असेल तर तो आवाज छापलेल्या सीडीतच आहे. जुन्या टेपवरून किंवा तबकडीवरून केलेल्या सीडींत हे सर्रास आढळतं. अशा वेळी कितीही वेळा रिप केलं, सीडी कितीही पुसली तरी काही बदलणार नाही, तिथेच थांबा.

ईएसी, क्यूरिपर, फूबार, व्हिपर आणि एक्सएलडी हे सगळे ही पडताळणी करतात. निकाल वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘कॉन्फिडन्स १’ असेल तर तो तुमचाच आधीचा निकाल असू शकतो, त्यावर भरवसा नको. आणि ‘जुळत नाही’ म्हणजे ‘चुकीचं’ असंही नाही, कारण तीच सीडी वेगवेगळ्या छपाईत थोडी वेगळी असते. एकही ट्रॅक जुळत नसेल तर छपाई वेगळी आहे किंवा ऑफसेट (ड्राइव्ह वाचायला किती पुढे-मागे सुरुवात करतो तो फरक) चुकलाय. दहा जुळले आणि दोन नाही, तर ते दोन ट्रॅक खराब वाचले गेलेत.

सगळं जुळतंय, टक् कुठेच नाही, पण आवाज विचित्र तीक्ष्ण लागतो? १९८० च्या दशकातल्या काही सीडी प्री-एम्फसिसनं छापल्या आहेत, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवलेत आणि सीडी प्लेअरनं ते उतरवावेत अशी अपेक्षा आहे. रिपमध्ये ते चढलेलेच राहतात. सॉक्स या मोफत साधनात डी-एम्फसिसचा परिणाम आहे, तो एकदा लावला की काम झालं.

४. सीडी पुसा, पण बरोबर दिशेनं

लॉगमध्ये जागा सापडली की मगच सीडी हातात घ्या. उजेडात तिरकी धरा. ठसे, धूळ, चिकट डाग हे ओरखड्यांपेक्षा जास्त वेळा कारण ठरतात. मऊ, धागे न सुटणारं कापड किंवा मायक्रोफायबर घ्या. मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल कधीच नाही. सीडीवरची माहिती सर्पिलाकार रेषेत असते. रेषेच्या आडवा गेलेला ओरखडा दर फेरीत थोडेसेच बाइट मारतो, आणि सीडीची आतली दुरुस्ती रेषेवरचं सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान पूर्ण भरून काढू शकते. रेषेच्या दिशेनं, म्हणजे गोलाकार पडलेला ओरखडा एकाच जागी सलग लांब तुकडा खातो आणि तिथे ही दुरुस्ती हरते. गोल पुसताना कापडाखाली एक कण जरी अडकला तरी नेमका असाच ओरखडा पडतो.

कोरड्यानं निघालं नाही तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मग साध्या पाण्यानं धुवून कापडानं टिपून कोरडं करा. थिनर, ॲसिटोन, काच पुसायचे स्प्रे लावू नका. टूथपेस्टचा उपाय तर या टप्प्यावर अजिबात नको. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात, ते पृष्ठभाग कापतात.

आता सीडी दिव्यासमोर धरून छापील बाजूनं आरपार बघा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला परावर्तक थरच गेलेला आहे. माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणून चमकत्या बाजूचा मोठा ओरखडा वाचू शकतो आणि छापील बाजूचा छोटासा ओरखडाही प्राणघातक ठरतो. छापील बाजूवर कागदी स्टिकर असेल तर सोलू नका, थर त्याच्याबरोबर निघून येईल.

५. ड्राइव्हची सेटिंग: कॅशनं दिलेला चकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘सिक्युअर मोड चालू आहे, तरी टक् येतंच’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा दोष इथेच निघतो.

बर्स्ट मोडमध्ये सॉफ्टवेअर प्रत्येक सेक्टर एकदा वाचतं आणि जे आलं ते लिहून टाकतं. वेगवान आहे, पण स्वतःहून काहीच तपासत नाही. ईएसीचा सिक्युअर मोड प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतो. दोन्ही वेळी सारखं आलं तर पुढे जातो. नाही आलं तर १६-१६ च्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा वाचतो, त्या १६ पैकी ८ वेळा एकच उत्तर मिळालं तर ते धरतो, आणि अगदी हट्टी जागी एकूण ८२ वेळांपर्यंत जाऊन मग ती जागा संशयित म्हणून नोंदवतो.

आता गोम बघा. बहुतेक ड्राइव्ह नुकताच वाचलेला आवाज आपल्या छोट्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये ठेवतात. सॉफ्टवेअरनं तोच सेक्टर दुसऱ्यांदा मागितला की ड्राइव्ह सीडीकडे ढुंकूनही न बघता कॅशमधलंच उत्तर परत देतो. पहिलं उत्तर चुकीचं असेल तर दुसरंही तेच चुकीचं येणार, दोन्ही जुळणार, आणि सॉफ्टवेअर समाधानानं पुढे जाणार. म्हणजे सिक्युअर मोड नावापुरताच चालू. रिप संशयास्पद वेगानं पूर्ण होते आणि क्वालिटी १०० टक्के दिसते, पण कानाला टक् ऐकू येतं. हे तिन्ही एकत्र दिसलं की कॅशवर संशय घ्या.

उपाय सोपा आहे. ईएसीच्या ‘ड्राइव्ह ऑप्शन्स’मध्ये ‘एक्स्ट्रॅक्शन मेथड’ हा टॅब उघडा. ‘सिक्युअर मोड’ निवडा. ‘ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा’ या खुणेवर टिक करा. मग ईएसी दुसऱ्यांदा वाचण्याआधी सीडीचा दुसराच भाग वाचून कॅश रिकामी करतं. ‘डिटेक्ट रीड फीचर्स’ हे बटण ड्राइव्हचे गुण आपोआप ओळखायचा प्रयत्न करतं. ते चालवताना ओरखडा नसलेली स्वच्छ सीडी घाला, नाहीतर निकाल फसवा येतो. निकालाबद्दल शंका असेल तर कॅशची खूण चालूच ठेवा. चुकून चालू राहिली तर फक्त वेळ जातो, चुकून बंद राहिली तर रिप जाते.

त्याच टॅबमध्ये ‘सी२’ची खूण आहे. ड्राइव्ह स्वतः ‘इथे मी चुकलो’ असं सांगतो तो हा संकेत. काही ड्राइव्ह प्रामाणिकपणे सांगतात, काही निम्म्या चुका गिळतात. चांगल्या सीडींसाठी वेळ वाचतो म्हणून तो वापरायला हरकत नाही, पण खराब सीडी हातात असताना ही खूण काढून टाका. मग ईएसी ड्राइव्हच्या शब्दावर विसंबत नाही, स्वतः ताडून बघतं.

क्यूरिपरमध्ये बर्स्ट, सिक्युअर आणि पॅरानॉइड असे तीन टप्पे आहेत. फूबारच्या रिपरमध्ये सुरक्षिततेची पातळी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘पॅरानॉइड’ ठेवा, ‘डिसेबल्ड’ नको. फ्रेॲकमध्ये सीडीपॅरानॉइया मोड स्वतःहून चालू करावा लागतो. व्हिपरमध्ये ‘ड्राइव्ह ॲनलाइझ’ ही आज्ञा पहिल्यांदा एकदा चालवा, ती तुमच्या ड्राइव्हच्या कॅशवर मात करता येते का ते तपासते.

६. वेग आणि वायर

वेग ४८ ऐवजी ८ किंवा ४ करून बघा. वेगात सीडी थरथरते, किंचित वाकलेली किंवा एका बाजूला स्टिकर असलेली सीडी जास्तच. लेझरला रेषा धरून ठेवणं अवघड जातं. मात्र अगदी १ च्या वेगाचा आग्रह धरू नका. कित्येक ड्राइव्ह तिथे उलट वाईट वाचतात, आणि बऱ्याच ड्राइव्हना तो वेग जमतच नाही.

बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा, वायर आखूड वापरा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतो, यूएसबी ३ चा ९००. सीडी फिरायला सुरुवात होताना बारीक ड्राइव्हना ५०० पुरत नाहीत. तिथे ड्राइव्ह क्षणभर झोपतो आणि उठतो, लॉगमध्ये ‘सिंक एरर’ दिसतात. प्रत्येक सीडीवर ठरावीक अंतरानं टक् येत असेल तर वेगाच्याही आधी हे बघा. सोबत दोन तोंडांची यूएसबी वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, ती उगाच दिलेली नसतात.

७. दुसरा ड्राइव्ह

एका ड्राइव्हनं हात टेकलेली सीडी दुसरा ड्राइव्ह सहज वाचतो, असं अगदी नेहमी होतं. लेझरची ताकद, भिंगाची स्थिती, आतली दुरुस्ती करण्याची पद्धत, सगळं वेगळं असतं. ड्राइव्ह महाग आहे की स्वस्त यावरून काही सांगता येत नाही. कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरमधला पडून असलेला ड्राइव्ह मिळाला तर तोही वापरून बघा.

दोन ड्राइव्हचे तुकडे जोडून एक अल्बम बनवणार असाल, म्हणजे सातवा ट्रॅक एकातून आणि बाकी दुसऱ्यातून, तर दोन्हींचा ऑफसेट आधी दुरुस्त करा. प्रत्येक मॉडेल वाचायला थोडं पुढे किंवा मागे सुरुवात करतं, एखादं ६ नमुन्यांनी, एखादं ६६७ नमुन्यांनी. ६६७ नमुने म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद. एकाच ड्राइव्हमधून सगळी सीडी काढली तर हा फरक कानाला कळतही नाही. पण दोन ड्राइव्ह मिसळले की सहाव्या आणि सातव्या ट्रॅकच्या सांध्यावर तेवढा तुकडा गळतो किंवा दोनदा येतो, आणि सलग वाजणाऱ्या संगीतात तिथे नवं टक् जन्माला येतं. ॲक्युरेटरिपला माहीत असलेली सीडी घातली की ईएसी ऑफसेट स्वतः ओळखतं, व्हिपरमध्ये ‘ऑफसेट फाइंड’ आहे.

८. क्यूटूल्सनं दुरुस्ती

हा टप्पा फार थोड्यांना माहीत आहे आणि त्याचा उपयोग मोठा आहे. क्यूटूल्सच्या साठ्यात नुसते चेकसम नसतात, इतरांच्या रिपमधून काढलेली दुरुस्तीची माहितीही असते. तुमच्या रिपमध्ये थोडेच नमुने चुकले असतील तर मूळ नमुने त्यावरून गणितानं परत मिळतात. तो अंदाज नसतो, नेमके तेच आकडे परत येतात.

त्यासाठी सगळा अल्बम क्यू शीटसकट (ट्रॅक कुठे सुरू होतात ते नोंदवणारी छोटी फाइल) रिप करा, एक-दोन ट्रॅक चालणार नाहीत. क्यूटूल्समध्ये आधी ‘व्हेरिफाय’ चालवा. ‘इतक्या नमुन्यांत फरक’ असा निकाल आला आणि दुरुस्ती शक्य आहे असं दिसलं, तर कृती ‘एन्कोड’ करून स्क्रिप्टमध्ये ‘रिपेअर’ निवडा आणि निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. फरक फार मोठा असेल तर दुरुस्ती होत नाही. म्हणून आधीचे टप्पे वाया जात नाहीत, सीडी पुसून आणि वेग कमी करून चुकांची संख्या जेवढी खाली आणाल तेवढी दुरुस्तीची शक्यता वाढते.

९. स्मृती आणि डिस्क

क्वचित घडतं, पण घडलं तर भल्याभल्यांना चक्रावून सोडतं: रिप ॲक्युरेटरिपशी जुळली होती आणि काही आठवड्यांनी त्याच फाइलमध्ये टक्. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा चेकसम साठवलेला असतो. फ्लॅकच्या चाचणी आज्ञेनं किंवा फूबारच्या फाइल-तपासणी जोडणीनं सगळा संग्रह एकदा तपासा. एकाहून जास्त फाइली नापास झाल्या तर रॅम किंवा हार्ड डिस्क बिघडतेय. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. त्यात एक जरी चूक दिसली तर रिपिंग बंद, कारण तो कॉम्प्युटर तुमच्या बाकीच्या फाइलीही खराब करतोय.

१०. ऑडॅसिटीत हातानं डागडुजी

वरचं काही चाललं नाही आणि एक-दोनच टक् उरले असतील, तर फ्लॅक ऑडॅसिटी या ध्वनि-संपादकात उघडा आणि ३:१२ पाशी इतकं मोठं करा की नमुन्यांचे ठिपके दिसतील. गुळगुळीत लाटेतून एकदम सुटलेलं उभं टोक दिसेल. फक्त तेवढंच निवडून ‘रिपेअर’ लावा. तो एका वेळी जास्तीत जास्त १२८ नमुन्यांवर चालतो. ‘क्लिक रिमूव्हल’ सगळ्या गाण्यावर लावू नका, तबल्याची थाप आणि गिटारची खेच यांनाही तो टक् समजून बोथट करतो. फाइल बाहेर काढण्याआधी क्वालिटीच्या सेटिंगमध्ये डिदर (आवाजात मुद्दाम मिसळलेला बारीक खरखराट) ‘नन’ करा, नाहीतर न दुखावलेल्या भागातही बारीकसा फरक पडतो. ही फाइल आता मूळ सीडीशी जुळणार नाही, म्हणून नावात तशी खूण करून दुरुस्तीआधीची फाइलही जपून ठेवा.

कुठे थांबायचं

दोन वेगळ्या ड्राइव्हनी त्याच जागी हार मानली आणि क्यूटूल्सनंही नकार दिला, की पुन्हा पुन्हा वाचणं थांबवा. एका सेक्टरपाशी तासन्‌तास अडकलेला ड्राइव्ह तापतो आणि झिजतो, आणि उत्तर बदलत नाही.

मध्यभागापासून तडा गेलेली सीडी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. सर्वात वरच्या वेगाला ती मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्या घेते, फुटली तर ड्राइव्ह संपतो आणि ट्रेमधून तुकडे बाहेर उडू शकतात. परावर्तक थर सुटलेली किंवा कडेकडून तांबूस पडत चाललेली सीडीही घासून सुधारत नाही, तिथला दोष पृष्ठभागाचा नसून थराचा आहे.

चमकत्या बाजूलाच खोल ओरखडे असतील, छापील बाजू धड असेल आणि दुसरी प्रत कुठेच मिळत नसेल, तर पॉलिशिंगचं यंत्र असलेल्या माणसाकडे द्या. प्लास्टिक सगळं मिळून १.२ मिलिमीटर जाड असतं, यंत्र त्यातला पातळ थर सगळीकडे सारखा काढतं. हातानं तो सारखा निघत नाही, उंचसखल होतो आणि लेझर आणखीच भरकटतो. देण्याआधी जेवढे ट्रॅक स्वच्छ निघतात तेवढे काढून ठेवा.

घरी बर्न केलेली, जगात एकच प्रत असलेली सीडी-आर असेल, म्हणजे कुणाचं गाणं, कुणाचा आवाज, तर पॉलिश नको, टूथपेस्ट नको, ‘अजून एकदा बघू’ही नको. उन्हापासून दूर, उभी, डबीत ठेवा आणि ऑप्टिकल डिस्कमधून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. सोबत तुमचा लॉगही द्या. कोणते ट्रॅक कुठवर वाचले गेले हे त्यांना आधी कळलं तर सीडी कमी वेळा फिरवावी लागते.

ड्राइव्हमधून घरघर, खटखट असे आवाज येत असतील तर तो उघडून भिंग पुसायच्या फंदात पडू नका. झाकण काढून ड्राइव्ह चालू केला तर लेझर डोळ्यांना घातक आहे, आणि भिंग केसाएवढ्या बारीक तारांच्या आधारावर तरंगत असतं, जरा जोर लागला तरी कायमचं वाकतं. डेस्कटॉपचा किंवा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर सरळ बदला. लॅपटॉपच्या आतला असेल तर तो दुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्या, आणि तोवर बाहेरच्या ड्राइव्हवर काम चालवा.